खाली पोचलो की उठवा

मधुराचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. मधुरा म्हणजे माझ्या मैत्रिणीची, कुंदाची भाची, कोथरूडला राहते, एरवी मला फक्त दिवाळीत फोन करते. "मावशी, आत्या गेली," ती म्हणाली. "सकाळी चहा गाळून ठेवला होता, तो तसाच आहे... खुर्चीतच गेली." अशा वेळी माणूस काय बोलतं? अरेरे म्हणतं, कसं झालं विचारतं. मी म्हटलं, "असं कसं? आमचं भांडण मिटायचंय अजून." हातातली जुडी अर्धी निवडून झाली होती, ती मी पूर्ण निवडली. त्याशिवाय उठताच येईना.

त्याला आता सात आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं म्हणतात, तेव्हा आधी कुंदाचे दोष सांगून मोकळी होते. तिचा चहा भयंकर असे. ती विलक्षण हट्टी होती. कुणी आजारी पडलं की न विचारता आयुर्वेद सांगत असे. आणि एका सिनेमावरून तिनं माझ्याशी चार महिने अबोला धरला. सिनेमावरून! आम्ही दोघी सत्तरीच्या उंबरठ्यावर होतो, नातवंडांच्या वयाची पोरं सुद्धा एवढ्यावरून भांडत नाहीत. त्या सिनेमाचं नाव मी इथे देणार नाही. नाव दिलं की तुम्ही आधी त्याच्याबद्दल चार ठिकाणी वाचाल, मग दुसऱ्याचं मत खिशात घालून बघायला जाल. कुंदाला ते आवडलं नसतं, आणि तिला न आवडणाऱ्या गोष्टी मी यापूर्वी पुरेशा केल्या आहेत.

आमची ओळखच मुळी तिच्या ओरड्यानं झाली. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. सुटी होती, मैत्रिणीबरोबर सिनेमाच्या तिकिटाच्या रांगेत उभी होते, आणि मी तो सिनेमा आधी एकदा पाहिलेला असल्यामुळे तिला रंगवून सांगत होते की शेवटी हिरोचा भाऊच कसा खुनी निघतो. पुढे उभी असलेली एक किडकिडीत बाई गर्रकन वळली. खांद्याला शबनम, बोटांना निळा रंग लागलेला. "अहो, तुम्ही पाहिलात ना? मग आता आम्हाला पाहू द्या की!" मी म्हटलं, "कानात बोळे घाला." ती म्हणाली, "तुमच्या आवाजाला बोळे पुरायचे नाहीत." खरं होतं ते. एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून जोडून माझा आवाज असा झालाय की मी कुजबुजले तरी शेजारच्या इमारतीत कळतं. ती रांग सोडून निघून गेली. तिकीट मिळत असताना! मला इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की मी तिच्यामागे गेले आणि बळंच तिला कॉफी पाजली. पुढची बेचाळीस वर्षं त्या कॉफीतून निघाली.

कुंदा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारणाऱ्याला ती "वेळ झाला नाही" असं सांगायची, आणि ते इतक्या साधेपणानं की विचारणारा ओशाळून विषय बदलायचा. तिच्या वर्गाचा एकच नियम होता. आपलं चित्र पुरं होईपर्यंत शेजारणीच्या कागदात डोकवायचं नाही. चित्र कितीही वाईट असू दे, स्वतःचं असू दे. एका मुलीनं शेजारणीसारखा मोर काढला तर कुंदा तिला रागवायची नाही, फक्त म्हणायची, "हा हिचा मोर आहे. तुझा कुठेय?" निवृत्त झाल्यावर तिनं शनिवार पेठेत एका छापखान्याच्या वरचा छोटा हॉल मिळवून आमचं चित्रपट मंडळ काढलं, आणि तोच नियम तिथे आणला. महिन्यातून एका रविवारी सकाळी साडेनऊला सिनेमा. सिनेमा संपला, दिवे लागले की दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. नवऱ्यानं बायकोशी नाही, बायकोनं नवऱ्याशी नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. जे वाटलं ते लिहायचं, सही करायची नाही, बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. मग चहा, आणि कुंदा एकेक चिठ्ठी वाचून दाखवणार. त्यानंतर भांडा हवं तेवढं.

चिठ्ठ्या म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. पेठेत पत्रिकांना काय तोटा? कुंदा त्या जमवायची, कोऱ्या बाजूनं मापात कापायची. त्यामुळे एका बाजूला "पटकथा ढिली, छायाचित्रण उत्तम" आणि मागच्या बाजूला अर्धा गणपती, नाहीतर "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं". नव्यानं येणारी आयटीतली मुलं सुरुवातीला हसायची. एकीनं विचारलं, "काकू, गूगल फॉर्म करू का? सगळ्यांचे रिस्पॉन्सेस एकदम दिसतील." कुंदा म्हणाली, "तेच तर नको आहे ना बाळ."

हा नियम केवळ सिनेमापुरता नव्हता, ते मला आमचे हे गेले तेव्हा कळलं. घरात माणसांची रीघ होती. प्रत्येक जण मला काय वाटत असेल ते मलाच सांगत होता. कुणी म्हणे सुटले बिचारे, कुणी म्हणे सोन्यासारखा जीव गेला, कुणी म्हणे रडून घे. कुंदा आली, माझ्याशेजारी सतरंजीवर बसली, एक अक्षर बोलली नाही. दहा मिनिटांनी तिनं पर्समधून एक चिठ्ठी आणि पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. मी लिहिलं, "गाढव माणूस. न सांगता गेला." तिनं ती न वाचता घडी करून पर्समध्ये टाकली. तेव्हा कुठे मला रडू आलं.

आता त्या रविवारबद्दल.

सिनेमा केला होता वाघोलीच्या एका मुलीनं. ऋतुजा तिचं नाव. आईवडील शेतकरी, जमिनीच्या चारी बाजूंनी इमारती उठलेल्या, पलीकडे दगडाच्या जुन्या खाणी. पैसे कुठून आणले देव जाणे, पण पडद्यावर जे दिसत होतं ते आमच्या छोट्या हॉलमध्ये मावत नव्हतं. गोष्ट एवढीशी. खाणीशेजारी राहणाऱ्या एका बाईची शाळकरी मुलगी खाणीतल्या पाण्यात बुडते, आणि बाई रडत नाही. बस. मुलगी जाईपर्यंत सगळा सिनेमा करड्या रंगात. दगड, धूळ, सिमेंट, पत्रे. आणि ती गेल्यानंतर पडदाभर रंग. बाई बाजारात जाते तर वांगी अशी जांभळी की डोळे दिपावेत, बांगड्यांच्या दुकानात तर नुसती आतषबाजी. हा सिनेमा आधी जिथे जिथे दाखवला गेला होता तिथे म्हणे माणसं दोन गटांत फुटली होती. निम्मी ओक्साबोक्शी रडत बाहेर आलेली, निम्मी चिडून. मूल मेल्यावर कुणी रंग उधळतं का? तर, करडा भाग संपायच्या आधी एक दृश्य आहे. कॅमेरा खाणीच्या काठावरून खाली उतरायला लागतो. दगडाची भिंत, भिंत, भिंत. छिन्नीच्या खुणा, कुठे उगवलेला पिंपळ, पाझरणारं पाणी. संगीत नाही, शब्द नाही. अकरा मिनिटं नुसता उतरतो.

सातव्या-आठव्या मिनिटाला हॉलमध्ये खुर्च्या करकरायला लागल्या. कुणी खोकलं. माझ्या छातीत काहीतरी दाटत चाललं होतं, कंटाळा म्हणावा तर कंटाळा नव्हता, आणि ते मला सहन होईना. मला असं काही होऊ लागलं की माझी जीभ सुटते, तिची जुनी खोड आहे. मी शेजारी बापटांच्या कानात म्हटलं, "खाली पोचलो की उठवा."

कानात म्हटलं खरं, पण माझा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. आख्खा हॉल फुटला. बापट तर इतके हसले की त्यांचा चष्मा पडला, तो शोधायला दोघं वाकले, त्यावर पुन्हा हशा. बापट आमचे सचिव, एरवी गंभीर माणूस. एकदा बांध फुटला की थांबत नाही. पुढे ती बाई दोन ताटं वाढते आणि एक झाकून ठेवते, तिथे मागून कुणीतरी म्हणालं, "पोचलो का?" पुन्हा हशा. बाजाराचे ते रंग पडद्यावर आले तेव्हा तर टाळ्या पडल्या, आणि त्या कौतुकाच्या नव्हत्या. शेवटच्या रांगेत ऋतुजा बसली होती. तिच्याशेजारी नऊवारी नेसलेली एक बाई होती. सिनेमातली आई म्हणून काम केलेली ती बाई म्हणजे ऋतुजाची खरी आईच, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दिवे लागले. दहा मिनिटं शांतता पाळली गेली, हो, नियम म्हणजे नियम. चिठ्ठ्या डब्यात पडल्या. चहा आला. कुंदानं डबा उघडला, एक चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली, सात-आठ मनातल्या मनात वाचल्या आणि झाकण लावलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. "आज वाचन नाही," ती म्हणाली. "आज चिठ्ठी एकच आहे. बाकी सगळ्या तिच्या नकला." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांना कळलं, ती कुणाबद्दल बोलतेय ते. जिन्यात ऋतुजाची आई चपला घालत होती. बापट काहीतरी सारवासारव करत तिच्यापाशी गेले तर ती म्हणाली, "हसली मान्सं तर हसू द्या की. रडायची काय सक्ती हाय व्हय?" आणि लेकीचा हात धरून उतरून गेली.

संध्याकाळी मी फोन केला. मी काही पड खाणारी नव्हे. "कुंदा, मला सिनेमा आवडला नाही असं म्हणायचा मला हक्क नाही का गं?"

"आहे ना. लिहायचं होतं. बोलायचं नव्हतं."

"एक विनोद केला मी. फाशी देतेस का?"

"शैला, तू अडतीस माणसांचा सिनेमा काढून घेतलास. त्यांनी आपला बघायच्या आधी तुझा बघितला."

"आणि तो सिनेमा खोटाच आहे, ऐक. मूल गेल्यावर रंग! आमचे हे गेले तेव्हा मला एक म्हणून रंग दिसला नव्हता. सगळं जग नुसतं राख होतं. त्या पोरीला काय ठाऊक?"

ती म्हणाली, "नीट आठव," आणि फोन ठेवला. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

मी काय आठवणार होते? मी भडकले. माझ्या नवऱ्याच्या मरणाबद्दल ही मला सांगणार, नीट आठव म्हणून! मी ठरवलं, आता तीच फोन करील. तिनंही बहुतेक तसंच काहीतरी ठरवलं असावं. मंडळाचे कार्यक्रम तिनं थांबवले. मग कानावर आलं की कुंदा एकेकाला धायरीला घरी बोलावते आहे. बैठकीची एक भिंत तिनं स्वतः पांढरी रंगवून घेतली, भाड्यानं प्रोजेक्टर आणला, आणि आठवड्यातून तीन-चार दिवस दुपारी पडदे ओढून तो सिनेमा पुन्हा दाखवते. एका वेळी एकच माणूस. शेजारी कुणी नाही. संपला की दहा मिनिटं गप्प, मग चिठ्ठी. बापट जाऊन आले. मी विचारलं, काय झालं? तर हा माणूस म्हणतो, "सगळ्यांचं होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही अशी शपथ घातलीय. तुम्ही बघाल तेव्हा बघाल." म्हटलं, मला बोलावलंय कुठे? एकेक करून सगळे जाऊन आले. गुडघे दुखणाऱ्या करमरकरबाईसुद्धा रिक्षा करून गेल्या. मला बोलावणं नाही. मी जगाला सांगत होते की मला काही फरक पडत नाही, आणि फोन वाजला की धावत होते.

आणि मग मधुराचा फोन आला.

स्मशानात ऋतुजा आली होती, आई बरोबर होती. मी सरळ तिच्यापाशी गेले. उशीर झालेल्या गोष्टी लगेच कराव्यात. म्हटलं, "त्या दिवशी तो विनोद मी केला होता. त्याची माफी मागते. सिनेमा आवडला नाही, त्याची मागत नाही." पोरीनं माझ्याकडे नीट बघितलं. रडून डोळे सुजलेले, तरी ओठ जरासे हलले. "माहितीये मॅडम, आवाज ऐकला होता. विनोद चांगला होता, खरं सांगू का. टायमिंग चुकलं. अजून थोडा वेळ थांबला असतात तर..." आणि ती एकदम थांबली. "नाही. सांगायचं नाही असं ताईंनी प्रॉमिस घेतलंय." तिच्या आईनं माझा हात धरला. तिचा हात खरखरीत आणि गरम होता. म्हणाली, "म्या काय ॲक्टिंग केली नाय बाई. पोरगी म्हनली चाल, चालले. आवडला नाय तर नाय. पन एकदा गप बसून बघा."

तेराव्यानंतर बापट घरी आले. मंडळातर्फे श्रद्धांजलीची सभा घ्यायची, तोच सिनेमा दाखवायचा आणि मी, सगळ्यांत जुनी मैत्रीण म्हणून, दोन शब्द बोलायचे असं ठरलं होतं. मी म्हटलं बोलेन. बापट घुटमळले. "म्हणजे... सिनेमाबद्दलही दोन चांगले शब्द आले असते तर बरं. की आता तुमचं मत बदललंय वगैरे. कुंदाताईंच्या आत्म्याला बरं वाटेल." मी विचारलं, "का? मेल्यावर तिला खोटं आवडायला लागलंय का?" बापट ओशाळले. पण मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच राग येत होता, कारण क्षणभर माझ्या मनात आलं होतं की म्हणून टाकावं. कुणाचं काय बिघडतंय? आपल्याकडे माणूस गेलं की त्याची सगळी मतं बरोबर ठरतात, त्याच्या भिकार चहालासुद्धा चव येते. मी बापटांना सांगितलं, चांगले शब्द हवे असतील तर दुसरं कुणी बघा. माझ्याजवळ कुंदासाठी फक्त खरे आहेत, आणि तेही मला अजून सापडायचे आहेत.

दुसऱ्या दिवशी मधुराचा फोन आला. फ्लॅट आवरायला घेतलाय, एक डबा आहे, तुम्ही येऊन बघा म्हणाली. मी धायरीची बस पकडली. सिंहगड रस्त्यावरच्या त्या गर्दीत दीड तास गेला, बरंच झालं, तेवढाच वेळ मिळाला. कुंदाच्या घरात सगळं बांधून झालं होतं. पुस्तकांची खोकी, भांड्यांची पोती. बैठकीत फक्त प्रोजेक्टर, समोर ती पांढरी भिंत, एक वेताची खुर्ची आणि खुर्चीवर बिस्किटांचा डबा. मी उघडला. वरच सदतीस चिठ्ठ्या रबरबँड लावून. मी वाचायला नको होत्या, पण वाचल्या. सगळ्यांना सिनेमा आवडला असेल अशी माझी समजूत होती, तर कुठलं काय! एकानं लिहिलं होतं, "मागच्या वेळी हसलो. आज भयंकर राग आला. हा सिनेमा माणसाला छळतो." दुसऱ्यानं, "मला झोप लागली, पण झोपेतही दिसत होता." अक्षरावरून करमरकरबाईंची ओळखली, "माझी धाकटी आठवली. पुढचं लिहीत नाही." सदतीस माणसं आणि सदतीस वेगवेगळ्या चिठ्ठ्या. एक दुसरीसारखी नाही. कुंदानं आपला हट्ट पुरा केला होता.

त्याखाली वहीचं एक पान होतं. अडतीस नावं, तिच्या रेखीव अक्षरात. सदतीस नावांपुढे बरोबरची खूण. सगळ्यांत खाली माझं नाव, आणि पुढे पेन्सिलीनं लिहिलेलं, "शैला सगळ्यांत शेवटी. नाहीतर उरलेल्यांना फोन करून सांगेल."

मी हसले. त्या रिकाम्या घरात मोठ्यानं हसले आणि मग हसता हसता खाली फरशीवर बसले, आणि मधुरा पाण्याचा ग्लास घेऊन धावली. चार महिने मी समजत होते की तिनं मला टाकलं. ती मला फक्त रांगेत मागे उभं करून ठेवत होती, पहिल्या भेटीत मी तिथेच उभी होते तशी. तिला मला बोलवायचंच होतं. शेवटच्या करमरकरबाई, त्या कुंदा जाण्याच्या आदल्याच आठवड्यात जाऊन आल्या होत्या. म्हणजे आता माझाच दिवस होता... "लाव," मी मधुराला म्हटलं. "मावशी, आत्ता?" "आत्ता. आणि तू आत जा. नियम आहे."

पडदे ओढले. मी एकटी वेताच्या खुर्चीत. सिनेमा अजूनही लांब आहे, हो. सुरुवातीचा अर्धा तास ती पोरगी नुसती धूळ दाखवते, मला धूळ बघायची असती तर मी बाल्कनीत बसले असते. पण आता हसायला कुणी नव्हतं. मग तो उतार आला. भिंत, भिंत, भिंत. सातव्या मिनिटाला माझ्या छातीत तेच दाटायला लागलं, आणि माझी जीभ वळवळली. शेजारी बापट नव्हते. बोलणार कुणाशी? म्हणून बसून राहिले. नववं मिनिट. दहावं. तळाचं पाणी आलं, करडं, निश्चल. आणि त्या पाण्यावर एक लाल रिबीन होती. शाळेच्या वेणीची, फुलासारखी बांधलेली. पाऊण तासाच्या करड्या रंगानंतर पडद्यावर आलेला तो पहिला रंग. नखाएवढा. आणि मग तिथून, त्या रिबिनीपासून, सगळे रंग सुरू होतात. उधळलेले वगैरे काही नाहीत. त्या बाईला लेकीची रिबीन दिसली आणि त्यानंतर जगातली एकही रंगीत गोष्ट तिला चुकवता येईना, एवढंच आहे ते.

अडतीस माणसांतल्या एकालाही त्या रविवारी ती रिबीन दिसली नव्हती. आम्ही बापटांचा चष्मा शोधत होतो. कुंदाला ठाऊक होतं, ती प्रत्येक सिनेमा आधी बघत असे. एका वाक्यात सांगता आलं असतं तिला, "अगं, खाली रिबीन होती." तिनं ते चार महिने कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही, मी तिच्यावर डाफरत असतानाही नाही. फक्त म्हणाली, नीट आठव.

आणि मला आठवलं. हे गेले त्या दिवशी सगळे पाहुणे गेल्यावर मी तोंड धुवायला मोरीत गेले होते. ग्लासात आमचे दोन ब्रश होते. त्यांचा हिरवा. साधा प्लॅस्टिकचा, केस वाकडे झालेला, मी चार वेळा बदला म्हटलेला. त्या दिवशी मला जगात दुसरं काही दिसलं नव्हतं, नुसता तो हिरवा रंग, इतका हिरवा की मी दिवा बंद केला. अकरा वर्षं मी लोकांना सांगत आले की सगळं राख होतं. तसं सांगणं सोपं जातं. राखेला कुणी काही विचारत नाही.

सिनेमा संपला. मी पडदे सरकवले नाहीत. मधुरा आतून हळूच आली, माझ्याकडे बघून घाबरलीच असावी. "मावशी... कसा वाटला?"

मी ओठांवर बोट ठेवलं. ती दारातच थांबली. डब्याच्या तळाशी एक कोरी चिठ्ठी शिल्लक होती, मागच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा अर्धा मुहूर्त. पूर्ण दहा मिनिटं मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लांब दहा मिनिटं असतील, तुम्ही माझ्या घरच्यांना विचारा. मग पेन्सिल घेऊन लिहिलं, आणि बापटांच्या सभेतही मी एवढंच वाचणार आहे, कुणाला बरं वाटो वा न वाटो.

"सिनेमा मला आवडला नाही. पाऊण तास जास्त आहे. ह्यांचा ब्रश हिरवा होता."

सही केली नाही. डब्यात टाकली आणि यादीत माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.